ब्लॉगच्या कमाईचा कूलर

माझ्या ब्लॉगमुळे एका निवृत्त नर्सबाईंवर ट्रॅक्टर घ्यायची वेळ आली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी अगदी निरुपद्रवी माणूस आहे असा कोणाचा गैरसमज होणार नाही.

मी शंकर नगरातल्या एका सरकारी कार्यालयात फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेतो आणि चौबे कॉलोनीत राहतो. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे आमच्याकडे तीन भाषा चालतात. घरात मले-तुले, बाजारात हिंदी आणि माझ्या ब्लॉगवर पुस्तकातलं मराठी. या तिसऱ्या भाषेबद्दल मला जरा अपराधी वाटतं. तसं मला बऱ्याच गोष्टींबद्दल वाटतं. भाजीवाल्यानं चुकून एक लिंबू जास्त टाकलं तर मी ते परत द्यायला जातो, आणि त्याचा वेळ घेतला म्हणून पाव किलो मिरच्या घेऊन येतो.

"तुमच्या या स्वभावापायी घरात मिरच्याच मिरच्या होऊन राहिल्या," बायको म्हणते.

ब्लॉग मी बरीच वर्षं लिहितो. विषय साधे असतात. वडिलांचा रेडिओ, कडुलिंबाखाली स्कूटर लावावी की नाही, एका घरात (कोणाच्या ते लिहिलेलं नाही) वांग्याची भाजी वारंवार का होते. नवीन काही लिहिलं की मी ते आमच्या विहाराच्या मोबाइल ग्रुपवर टाकतो. तिथून जोडलेल्या हातांची चित्रं येतात. कोणी वारल्याची बातमी आली तरी तेच हात येतात, त्यामुळे लोकांनी वाचलं की नुसतं दुःख व्यक्त केलं, हे कळायला मार्ग नव्हता.

विहाराबद्दल सांगायला हवं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, विदर्भातून आलेल्या बौद्ध कुटुंबांनी वर्गणी काढून बांधलेला हा विहार आहे. दर रविवारी सकाळी तिथे वंदना होते. वरच्या पंख्यांच्या पात्यांवर ते पंखे देणाऱ्यांची नावं रंगवलेली आहेत. पंखा फिरला की नाव दिसत नाही, वीज गेली की दाते प्रकट होतात. माझा आवाज मोठा असल्यामुळे माईक माझ्याकडे असतो. पंचशील मी सांगायचं, एकेक शील, आणि सगळ्यांनी माझ्यामागून म्हणायचं. पाचांपैकी चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी नेहमी जरा जास्तच मोठ्यानं म्हणत असे. त्याबद्दल आता वाईट वाटतं.

ब्लॉगवर जाहिराती लावायची कल्पना मुलीची. ती कॉलेजात जाते, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती हिंदीत देते.

"पापा, इतना लिखते हो, ऐड लगा दो. थोड़ा-बहुत आ जाएगा."

तिनं एका जाहिरात कंपनीकडे खातं उघडून दिलं. माझ्या लेखांच्या मधोमध गाद्या, कर्ज आणि केस उगवायची तेलं दिसू लागली. मग तिनं मला समोर बसवून बजावलं, "एक बात याद रखना. किसी को ऐड पर क्लिक करने को बोलना नहीं. ख़ुद भी नहीं करना. पकड़े गए तो अकाउंट बंद."

"मी काहून सांगीन कोणाले?" मी म्हणालो. म्हणताना मी खरंच प्रामाणिक होतो.

त्यानंतरच्या रविवारी विहारातला जुना कूलर वंदना चालू असताना मेला. तो आधीपासून आजारीच होता. थ्रेशरसारखा आवाज करायचा आणि तलावाच्या वासाची हवा फेकायचा, पण फेकायचा तरी. रायपूरच्या मे महिन्यात तेवढंही पुष्कळ. तो थांबताच सभागृहात पदरांनी आणि वंदनेच्या पुस्तिकांनी वारा घालणं सुरू झालं. आमचे अध्यक्ष उभे राहिले. हे रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आम्ही सगळे त्यांना गार्डकाकाच म्हणतो.

"मंग आता वर्गणी काढा लागते," गार्डकाका म्हणाले.

लोक चपला शोधू लागले. आणि मी, काय झालं मला माहीत नाही, माईक अजून हातातच होता म्हणून असेल, बोलून गेलो, "वर्गणी राहू द्या काका. माझ्या ब्लॉगच्या पहिल्या कमाईतून विहाराला कूलर येईल."

टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या मला लग्नातसुद्धा पडल्या नव्हत्या. बायकांच्या रांगेत माझी बायको ताठ होऊन बसली. तिनं माझा ब्लॉग कधी उघडला नव्हता, पण त्या क्षणी ती लेखकाची पत्नी दिसत होती.

"ब्लॉगातून पैसा येते कुठून, बाबू?" गार्डकाकांनी विचारलं.

इथे मी जे उत्तर दिलं त्यावर मी नंतर अनेक दिवस विचार केला आहे. मी म्हणालो, "मध्ये जाहिराती असतात. कोणी त्याच्यावर बोट ठेवलं की थोडेफार येतात." बस, एवढंच. ठेवा असं म्हणालो नाही. ठेवू नका असंही म्हणालो नाही. माझ्या मुलीनं समोर बसवून सांगितलेलं वाक्य माझ्या जिभेपर्यंत आलं, त्यानं टाळ्या ऐकल्या आणि ते परत गेलं.

आमच्या लोकांना एखाद्या कामासाठी बोट हलवायला सांगावं लागत नाही. विहाराची भिंत आम्ही श्रमदानानं बांधली आहे, विटा हातोहात देऊन. सोमवारी सकाळी ग्रुपवर गार्डकाकांचा संदेश आला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ब्लॉग श्रमदान'. खाली पाळ्या लावल्या होत्या. सकाळी पेन्शनर, दुपारी महिला मंडळ, संध्याकाळी नोकरीवाले. 'कोणीही नागा करू नये.'

मी उत्तर लिहिलं, 'काका, कृपया असं करू नका, हे नियमात बसत नाही.' वाचलं. खोडलं. मग बराच वेळ मोबाइलकडे बघून मी जोडलेले हात पाठवले.

श्रमदान जोरात चाललं. पेन्शनर लोक सकाळी चहाच्या टपरीवर रांगेनं बसून दाबत. महिला मंडळानं त्यात नेमकेपणा आणला. प्रत्येकीनं आपापली जाहिरात वाटून घेतली, म्हणजे एकीवर भार पडायला नको. नर्समावशींच्या वाट्याला ट्रॅक्टर आला. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलेल्या या बाई, कुठलंही काम अर्धं सोडणं त्यांना जमत नाही. कोणाच्या दुकानात शिरून काही न विचारता बाहेर पडणं त्यांना बरं वाटेना. म्हणून त्या आत जाऊन नाव, फोन नंबर, किती एकर शेती, सगळं भरून देत. शेतीच्या रकान्यात त्यांनी अंगणातल्या तुळशीसकट कुंड्यांचा अंदाज घेऊन काहीतरी लिहिलं.

काही दिवसांनी त्या मला भाजीबाजारात भेटल्या.

"काय जी लेखक, तुमच्या ट्रॅक्टरवाल्याचा रोज फोन येऊन राहिला मले. दीदी, डिलिवरी कब लेंगी, म्हणते."

"मंग तुम्ही काय सांगता मावशी?"

"काय सांगू? त्याले सांगतलं, पाऊस पडू दे."

मी त्यांची पिशवी घरापर्यंत उचलून नेली. दुसरं काय करणार होतो?

मला खरी बोच वेगळीच होती. त्याच आठवड्यात मी वडिलांच्या रेडिओवर पुन्हा एकदा लिहिलं होतं, या वेळी मनापासून. वडील गेल्यावर तो रेडिओ कोणी लावेना, आणि मी एकदा लावला तर त्यांनी शेवटचं ऐकलेलं स्टेशनच लागलं, असा तो लेख होता. लिहिताना माझे डोळे भरून आले. संध्याकाळी गार्डकाका रस्त्यात थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजचं फार छान होतं रे बाबू."

"वाचलं तुम्ही?"

"गादीचं ना? एकावर एक उशी फुकट. तीनदा दाबलं."

कमाईचा आकडा मात्र चढत होता. मी ऑफिसात फायलीआड मोबाइल धरून तो बघायचो आणि बघितल्याबद्दल लगेच एक जास्तीची फाइल निकालात काढायचो. साहेब मला म्हणाले की या महिन्यात तुमचं काम सुधारलं आहे. मुलीला संशय आला. तिच्या संगणकावर वाचक कुठून येतात त्याचा नकाशा दिसत असे. सगळ्या भारतात अंधार आणि आमच्या दोन-तीन गल्ल्यांत उजेड.

"पापा, ये सब अपने मोहल्ले में ही आपके फ़ैन क्यों हैं?"

"लोकांमध्ये साहित्याची गोडी वाढून राहिली," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिला विनाकारण आइस्क्रीमसाठी पैसे दिले.

इकडे कूलरची तयारी पुढे गेली होती. कंपनीचे पैसे यायला वेळ लागतो, पण ऊन थांबत नाही, म्हणून मी पगारातून आगाऊ कूलर घेतला. मागाहून ब्लॉगचे आले की हिशेब जुळेल, असं मनाशी ठरवलं. मोठा लोखंडी कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला. बायकोनं मला न विचारता पुरानी बस्तीतला पेंटर बोलावला आणि कूलरच्या दर्शनी बाजूवर लाल रंगात लिहून घेतलं, 'ब्लॉगच्या पहिल्या कमाईतून सप्रेम भेट'. खाली माझं नाव. नाव एवढं मोठं की आडनावासाठी पेंटरला कोपऱ्यावरून वळावं लागलं.

"एवढं मोठं काहून?" मी विचारलं.

"मंग? पंख्यावरच्यासारखं गरगर थोडीच फिरणार आहे. दिसू द्या लोकांले," ती म्हणाली.

रंग वाळायच्या आत कंपनीचा मेल आला. मुलीनं तो हिंदीत समजावून सांगितला. तुमच्या पानावरच्या जाहिरातींवर बनावट क्लिक झाले आहेत. खातं कायमचं बंद. जमलेली रक्कम जाहिरातदारांना परत केली जाईल.

"किसने किया ये?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पापा. सबने?"

मी मान हलवली.

"मम्मी को बोल दो. और विहार में भी बोल दो."

"हव," मी म्हणालो. छत्तीसगढीतला हा 'हव' मला फार सोयीचा वाटतो. म्हटलं तर होकार, म्हटलं तर नुसता आवाज.

मी कोणालाच सांगितलं नाही. कूलर तर आलाच आहे, मी मनाशी म्हणालो. पैसे पगाराचे काय आणि ब्लॉगचे काय, हवा तीच लागणार. लोकांना थंड वाटेल, बायकोची मान ताठ राहील, गार्डकाकांचं श्रमदान वाया गेलं असं त्यांना वाटणार नाही. एका वाक्याचं तर खोटं, आणि तेही पेंटरनं लिहिलेलं. हा विचार मला इतका पटला की त्या दिवशी मी भाजीवाल्याकडून जास्तीचं लिंबू परत न करता घेऊन आलो. घरी आल्यावर ते खाववलं नाही.

रविवार आला. विहारात कूलर एका कोपऱ्यात फुलाफुलांच्या चादरीखाली उभा होता. वंदना झाली की गार्डकाकांच्या हस्ते चादर काढायची आणि बटण दाबायचं, असं ठरलं होतं. बायको नवी साडी नेसून पुढच्या रांगेत. मुलगी मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. मी माईक हातात घेतला.

पहिलं शील सांगितलं, सगळ्यांनी म्हटलं. दुसरं झालं. तिसरं झालं. आता चौथं. चादरीच्या खालच्या कडेतून माझं आडनाव डोकावत होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून पाचवं शील आलं. पाचवं दारूचं असतं. दारूला मी जन्मात शिवलेलो नाही, त्यामुळे घाबरलेलं मन तिकडे पळालं असावं.

अर्ध्या लोकांनी सवयीनं माझ्यामागून पाचवं म्हणायला सुरुवात केली, अर्धे थांबले, आणि सगळं एकमेकांवर आदळून शांत झालं.

"थांबा जी!" नर्समावशी म्हणाल्या. "चौथं राहिलं."

"चौथं राहिलं, चौथं राहिलं!" पोरं ओरडली.

गार्डकाका समजुतीनं म्हणाले, "मेन टेसन सोडून गाडी पुढं नेते काय बाबू? मागं घे. चौथं म्हण."

"मले म्हणता येत नाही," मी म्हणालो. माईकवर पुस्तकातलं मराठी मला सोडून गेलं होतं. माईक किंचाळला, मीही जवळजवळ तसाच. "काका, कूलर ब्लॉगच्या पैशाचा नाही. ब्लॉगचा एक पैसा आला नाही. त्यायनं खातं बंद केलं. जाहिरातीवर असं मुद्दाम दाबणं चालत नाही. पोट्टीनं मले पयलेच सांगतलं होतं. मी तुमाले सांगतलं नाही. टाळ्या वाजून राहिल्या होत्या."

वर पंखे फिरत होते. वीज जावी असं मला फार वाटलं, निदान लोक दात्यांची नावं तरी वाचत बसले असते.

"म्हणजे," गार्डकाका सावकाश म्हणाले, "आमी दाबलं म्हणून बंद पडलं?"

"नाही काका. मी सांगतलं नाही म्हणून."

"नाही नाही, आमी जास्तच दाबलं," मागून एक पेन्शनर म्हणाले. "मी तं दोन्ही हातानं दाबत होतो."

"तुमचं काय घेऊन बसले? मी सुनेचा बी मोबाइल घेत होती," दुसऱ्या बाई म्हणाल्या.

"मी पाळी नसतानाबी दाबलं."

"आन् माझा ट्रॅक्टर?" नर्समावशी उभ्या राहिल्या. "मी तं कंपनीचा माणूस दारात बोलावला. माझ्यामुळंच बंद पडलं असंन."

आणि मग, मी शपथेवर सांगतो, त्या सभागृहात खातं कोणामुळे बंद पडलं यावर चढाओढ लागली. मान मिळावा तसा प्रत्येक जण दोष मागत होता. मला एकट्याला अपराधी वाटून घ्यायची केवढी सवय, पण त्या दिवशी माझ्या वाट्याला काही उरेना. गार्डकाकांना शेवटी हात वर करून सगळ्यांना बसवावं लागलं.

"ऐक," ते मला म्हणाले. "कूलरचे पैसे तुले परत भेटतीन. वर्गणी निघंन, मी पयल्या दिवशी म्हणत होतो तशी. तुझीबी सगळ्यांएवढीच. एक रुपया जास्त घेणार नाही."

"काका, निदान थोडे जास्त..."

"नाही म्हणजे नाही. हीच तुझी शिक्षा. आता चौथं म्हण."

मी चौथं शील सांगितलं. आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही. लोकांचा मात्र निघाला.

मी बायकोकडे बघायला धजत नव्हतो. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मले आधी सांगतलं असतं तं पेंटरचे पैसे वाचले असते."

"रागावलीस?"

"नाव तरी आधी पुसा. मंग सांगते."

पेंटरला पुन्हा बोलावण्याचा खर्च गार्डकाकांनी नामंजूर केला. घरात उरलेला पांढरा रंग त्यांनी स्वतः आणला आणि माझ्या नावावर, ब्लॉगवर आणि पहिल्या कमाईवर फिरवला. 'सप्रेम भेट' एवढंच ठेवलं. कोणाकडून ते लिहिलेलं नसल्यामुळे प्रत्येक जण त्या कूलरकडे मालकाच्या नजरेनं बघतो, आणि पाणी भरायची वेळ आली की पाहुण्याच्या.

ब्लॉग अजून चालू आहे. जाहिराती गेल्या, श्रमदान संपलं, आणि नकाशावरचा उजेड मालवला. एक-दोन दिवे राहिले. मध्यंतरी नर्समावशींनी मला रस्त्यात गाठलं.

"तुमच्या बाबांच्या रेडिओचं वाचलं जी. दाबायले काही नव्हतं, मंग वाचत बसली." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आमच्या ह्यांचाबी होता रेडिओ. माळ्यावर असंन. काढून पाहते."

मी त्यांची पिशवी घ्यायला गेलो, तर त्यांनी दिली नाही.

"राहू द्या. ट्रॅक्टर येणार आहे ना," त्या म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. गार्डकाकांनी रंग फार पातळ लावला. कूलर कोरडा असताना 'सप्रेम भेट' सोडून पुढची बाजू पांढरीशुभ्र दिसते. पण पाणी भरून तो सुरू केला की ताट्यांतून पाणी झिरपतं, पत्रा ओला होतो आणि पांढऱ्याखालून लाल अक्षरं हळूहळू वर येतात. आधी 'ब्लॉगच्या', मग 'कमाईतून', आणि वंदना संपेपर्यंत कोपऱ्यावरून वळलेलं माझं आडनाव. मी माईक घेऊन बरोबर त्याच्यासमोर बसतो. चौथं शील आलं की पोरं कूलरकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि खुसखुसतात.

मी गार्डकाकांना म्हटलं, "काका, अजून एक हात मारून द्या ना रंगाचा."

त्यांनी डोळे बारीक करून कूलरकडे पाहिलं. थंड हवा त्यांच्या उरलेल्या केसांतून जात होती.

"कायले?" ते म्हणाले. "उन्हाळा संपला की दिसणार नाही."

मी पावसाळ्याची वाट बघतो आहे. मी आणि ट्रॅक्टरवाला.